जुन्या सागवानावर सँडर चालवताना

ठाण्यातल्या नौपाड्याच्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जातायत आणि तिथली सागवानी कपाटं, पाट, झोपाळे घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये चढतायत. माझं काम याच फर्निचरचं. जुना थर काढायचा, घासायचं, पुन्हा पॉलिश करायचं. हल्ली गिऱ्हाइकं विचारतात, "ताई, सँडर ऑनलाइन मिळतो, घासायचं काम आम्हीच केलं तर?" करा की. पण सँडर म्हणजे घासकागद जोरात फिरवणारं मशीन, हे विसरू नका. करवतीचे दात दिसतात म्हणून माणूस जपतो. सँडरला दात नाहीत, म्हणून लोक चपला घालून, पंखा लावून हॉलमध्येच घासायला बसतात.

घरच्या कामाला १२५ मिलिमीटरच्या गोल पॅडचा रँडम ऑर्बिटल सँडर घ्या. तो गोल फिरतो आणि त्याच वेळी थरथरतो, त्यामुळे लाकडावर वर्तुळं कमी उठतात. पट्ट्यासारखा कागद फिरवणारा बेल्ट सँडर दाराच्या फळीसाठी ठीक, पण नवख्या हाताने एका जागी क्षणभर टेकला तरी खड्डा पाडतो. लोखंड कापायच्या ग्राइंडरला घासायची चकती लावून लाकूड घासणारे मी रोज बघते. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास फिरतो. पॉलिशर, म्हणजे मेण घासून चमक आणणारं मशीन, ६०० ते ३,००० मध्ये. पॉलिशरसाठी बनवलेलं पॅड ग्राइंडरला लावलं की ते फाटून उडतं, आणि समोर तुमचंच तोंड असतं. चकती असो वा पॅड, पाठीमागे कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो. तो मशीनवरच्या आकड्यापेक्षा जास्तच हवा. आकडाच नसेल तर ती वस्तू घेऊ नका, दुकानदार कितीही म्हणो, "सगळे हीच नेतात."

कागद बदलताना प्लग काढा. स्विच बंद आहे एवढ्यावर भागत नाही, कारण बऱ्याच सँडरना स्विच अडकवून ठेवायचं बटण असतं. ते दाबलेलं राहिलं आणि कोणी बोर्डाचं बटण चालू केलं, तर मशीन टेबलावरून चालत सुटतं. कागदाची भोकं पॅडच्या भोकांवर बरोबर बसवा, धूळ तिथूनच ओढली जाते.

आता रंग. जुन्या घरातल्या दारा-खिडक्यांवर ऑइलपेंटचे थरावर थर असतात आणि त्यात शिसं असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९०) करणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगावर माझा भरवसा नाही. असा रंग मशीनने कोरडा घासू नका. शिशाची बारीक धूळ मुलांच्या पोटात गेली तर मेंदूला इजा होते. रंग काढायचं केमिकल लावून पत्रीने खरवडा, नाहीतर वॉटर पेपर ओला करून हाताने घासा. ओलं काम इलेक्ट्रिक सँडरने मात्र करायचं नाही, पाणी आणि करंट एकत्र नकोत. आणि गॅलरीवरचा जुना सिमेंटचा पत्रा ॲस्बेस्टॉसचा असू शकतो. तो घासायचा नाही, छिद्रही पाडायचं नाही.

शुद्ध लाकडाची धूळसुद्धा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ती माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलीय, आणि सागाच्या भुशाने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मनाचं समाधान. एन ९५ किंवा एफएफपी २ मास्क लावा, नाकावरची पट्टी दाबा. दाढी असेल तर कडेने हवा शिरते, हे दाढीवाल्यांना पटत नाही. थिनरच्या वासाला हा मास्क उपयोगाचा नाही, त्याला कार्बनचा फिल्टर लागतो. डोळ्यांना बंद गॉगल, कानांत बोळे. ओढणी, गळ्यातली माळ, सैल बाही काढून किंवा आत खोचून ठेवायची, केस बांधायचे. पॉलिशर या गोष्टी चटकन गुंडाळून घेतो. काम संपल्यावर झाडू मारू नका, खाली बसलेली धूळ पुन्हा उडते. व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं वापरा.

सुरुवातीला फळीवर हात फिरवून खिळे शोधा, लोहचुंबकही फिरवा. जुन्या कपाटात मोडके खिळे हमखास असतात. खिळ्यावर कागद फाटतो आणि ठिणगी उडून भुशाच्या पिशवीत गेली तर पिशवी आतून धुमसते. पिशवी अर्धी भरली की रिकामी करा. फळी शिकंज्याने (क्लॅम्पने) पकडा, गुडघ्यावर धरू नका.

मग फळीवर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा ओढा. ८० नंबरचा कागद (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक), पॅड लाकडावर टेकवून मशीन चालू. बेल्ट सँडरचं उलट, तो आधी चालू करायचा आणि मग हळूच खाली टेकवायचा. सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, एवढ्याच वेगाने हात सरकवा. दाबू नका, मशीनचं वजन पुरेसं असतं. जोर दिला की फेऱ्या मंदावतात, पॅड तापून त्याचे वेल्क्रोचे काटे वितळतात आणि कागद भिरकावला जातो. सगळ्या रेघा गेल्या की १२० नंबर, पुन्हा रेघा, मग १८०. मोबाइलचा टॉर्च फळीला जवळजवळ चिकटवून आडवा धरला की राहिलेले ओरखडे सावलीने उठून दिसतात. विनियरचं कपाट असेल तर मशीन बाजूला ठेवा. विनियर म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा कागदाइतका पातळ थर, तो घासला गेला की खालची प्लाय उघडी पडते. तिथे २२० चा कागद आणि हात.

मशीनच्या थरथरीने बोटांना मुंग्या आल्या तर थांबा. आमच्या सोसायटीत दुपारी मशीन बंद ठेवावं लागतं. मला तो नियम आवडतो.

पॉलिशर लावताना पॅड आधी कामावर टेकवा, कमी वेगावर चालू करा, नाहीतर मेण भिंतभर उडतं. कडेपाशी पॅड कडेवरून बाहेर जाताना घासलं पाहिजे. आत येताना घासलं तर ते कडेत अडकतं आणि मशीन हातातून हिसकतं.

पावसाळ्यात भिजलेल्या गॅलरीत काम नको. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे ना ते बघा, त्याचं टेस्ट बटण दाबून तो बंद पडतो का तेही बघा. तीन पिनचं मशीन अर्थिंग नसलेल्या जुन्या सॉकेटमध्ये लावू नका. वायर खांद्यावरून मागे सोडा, म्हणजे ती पॅडखाली येत नाही. आणि त्याच खोलीत थिनरचा डबा उघडा नको. मोटरच्या कार्बन ब्रशपाशी बारीक ठिणग्या सतत पडत असतात आणि थिनरची वाफ जमिनीलगत साचते.

जवसाचं तेल लावलेल्या चिंध्यांचं काय करायचं, हे विक्रेते सांगत नाहीत. हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि गरम होतं. चिंधी पसरलेली असेल तर उष्णता निघून जाते. बोळा करून कोपऱ्यात टाकलेली चिंधी काडी न लावता पेट घेऊ शकते, तेही तुम्ही जेवून झोपल्यावर. म्हणून एकेक चिंधी सुटी करून गॅलरीच्या दोरीवर वाळत टाका, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा. दोरीवरच्या चिंध्या पापडासारख्या कडक झाल्या की मगच सोसायटीच्या कचऱ्यात द्या.