हातात क्यू आहे, पण यू नाही?
ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर स्क्रॅबल, म्हणजे अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ, खेळताना क्यू आला की माझ्या भाचीचा चेहराच पडायचा. यूची वाट बघत ती डावामागून डाव घालवायची. तिला म्हटलं, अगं, यू सोड, आय शोध. क्यू-आय हा दोनच अक्षरांचा शब्द चालतो. उच्चार 'ची', चिनी विचारातली प्राणशक्ती. क्यूचे 10 गुण, आयचा 1. अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या घरावर क्यू बसवून आडवा-उभा दोन्हीकडे हाच शब्द जुळला, तर थेट 62!

यू नसलेले आणखी काही शब्द तर आपल्या ओळखीचेच आहेत. फकीर (एफ-ए-क्यू-आय-आर), निकाब (एन-आय-क्यू-ए-बी), काझी (क्यू-ए-डी-आय). अरबीतून इंग्रजीत गेलेले शब्द, म्हणून यूची गरजच नाही.

घरी सराव करायचा तर वनलूक (OneLook) या शब्द शोधायच्या वेबसाइटवर क्यूच्या दोन्ही बाजूंना तारा (*) टाइप करून शोधा. तारा म्हणजे कितीही अक्षरं, प्रश्नचिन्ह म्हणजे नेमकं एक. फक्त तिथे दिसलेला प्रत्येक शब्द खेळात चालेलच असं नाही, विशेषनामं तर नाहीच. तेवढं खेळाच्या शब्दकोशात तपासून घ्या.