लहान मुलांचे ऑपरेशन झाल्यावर वेदनाशामके कशी द्यावीत

खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून मुलाला ऑपरेशनसाठी बेळगावला, नाहीतर मिरज-कोल्हापूरला नेले जाते. घरी सोडताना नर्सने औषधांच्या सूचना कानडीत सांगितल्या आणि त्या नीट कळल्या नाहीत, तर त्या मराठीत लिहून काढून तिथेच परत वाचून दाखवाव्यात. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

हर्नियासारख्या लहान ऑपरेशननंतर बहुतेक मुलांना पॅरासिटामॉल आणि डॉक्टरांनी संमती दिली असल्यास आयबुप्रोफेन एवढे पुरते. मात्र पहिले दोन दिवस मूल रडण्याची वाट न पाहता ते घड्याळाप्रमाणे द्यावे. पॅरासिटामॉलचा एक डोस साधारणपणे दर किलो वजनामागे 15 मिलिग्रॅम असतो आणि दोन डोसांत सहा तासांचे अंतर ठेवणे सोयीचे पडते. 16 किलोच्या मुलाला 240 मिलिग्रॅम लागतात, म्हणजे 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेल्या बाटलीतून 10 मिलिलिटर, पण 250 मिलिग्रॅमच्या बाटलीतून 5 मिलिलिटरपेक्षा थोडे कमीच. मेडिकलमध्ये दुसऱ्या कंपनीची बाटली मिळाली, की नेमका इथेच दुप्पट डोस जातो. म्हणून लेबल वाचावे आणि घरातल्या चमच्याऐवजी बिनसुईची सिरिंज वापरावी.

मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, कोडीन ही ओपिऑइड म्हणजे अफूसारखे काम करणारी औषधे आहेत. काही मुलांचे यकृत कोडीन व ट्रॅमाडॉलचे अतिशय वेगाने तीव्र द्रव्यात रूपांतर करते आणि श्वास मंदावतो. याच कारणाने अमेरिकेच्या औषध नियामकाने 2017 पर्यंत ही दोन्ही औषधे 12 वर्षांखालील मुलांना, आणि टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर 18 वर्षांखाली, वर्ज्य ठरवली. यांपैकी एखादे नाव चिठ्ठीत दिसले, तर पर्याय आहे का, हे डॉक्टरांना विचारणे हा आगाऊपणा नव्हे.

मोठ्या ऑपरेशननंतर ओपिऑइड खरोखरच लागले, तर एकूण डोस किती आणि ते कधी थांबवायचे हे लिहून घ्यावे, आणि गुंगी आणणारे सर्दी-खोकल्याचे सिरप सोबत देऊ नये. मूल रात्री मोठ्याने घोरत असेल, तर ते ऑपरेशनपूर्वीच भूलतज्ज्ञांना सांगावे. हाक मारूनही मूल जागे होत नसेल, श्वास संथ किंवा अडखळत चालला असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर पुढचा डोस न देता लगेच 108 वर फोन करावा. उरलेले औषध आजोबांच्या गुडघ्यांसाठी जपून ठेवू नये. चहाच्या चोथ्यात मिसळून, पिशवीत घट्ट बांधून ते कचऱ्यात टाकावे.