डिजिटल वॉकीटॉकीच्या कामात नवे आहात? आधी एक चॅनेल वाचायला शिका

वायरलेस सेटच्या कामात आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली मुलंमुली आधी माहितीपत्रक पाठ करतात. किती चॅनेल, किती एमएएचची बॅटरी, जीपीएस, ब्लूटूथ, आयपी ६७. गिऱ्हाइकाशी बोलायला हे लागतंच. आयपी ६७ म्हणजे आत धूळ जात नाही आणि सेट एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो, एवढं तोंडावर हवं. पण साइटवर सुपरवायझर दोन सेट पुढे करून "याचं त्याला ऐकू येत नाही" म्हणतो, तेव्हा त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही. तिथे लागतं ते एका चॅनेलच्या पानावर काय लिहिलंय हे समजणं. म्हणून नव्या माणसाला मी सुरुवातीला प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअर उघडून एकच चॅनेल वाचायला बसवतो.

मला कारखान्यांत आणि हॉटेलांत भेटणारे डिजिटल सेट बहुतेक डीएमआर (डिजिटल मोबाइल रेडिओ) जातीचे असतात. हे युरोपातल्या एट्सी या संस्थेचं मानक, २००५ साली प्रसिद्ध झालेलं. मानक एकच असल्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे सेट साधं बोलणं एकमेकांशी करू शकतात. कंपनीची स्वतःची खास सोय असेल तर मात्र ती दुसऱ्याकडे चालेलच असं नाही. खोक्यावर 'डिजिटल' छापलंय एवढ्यावर जाऊ नका. डीपीएमआर नावाचा वेगळाच प्रकार आहे आणि तो डीएमआरशी बोलत नाही. डीएमआरमध्येही टियर १, २, ३ आहेत. टियर १ कमी ताकदीचा, रिपीटरशिवाय, म्हणजे मध्ये सिग्नल घेऊन पुन्हा पाठवणाऱ्या यंत्राशिवाय, थेट बोलायचा. टियर २ म्हणजे नेहमीचा परवान्याचा सेट, रिपीटरसह चालणारा. टियर ३ ट्रंकिंगचा, म्हणजे मोकळं चॅनेल यंत्रणा स्वतःच वाटून देते, मोठ्या यंत्रणांसाठी. तुमचं सुरुवातीचं सगळं काम टियर २ वर होईल.

आता चॅनेलचं पान. वरच्या दोन ओळी आरएक्स (ऐकायच्या) आणि टीएक्स (बोलायच्या) फ्रिक्वेन्सीच्या. दोन्ही सारख्या असतील तर सेट थेट सेटशी बोलतो, म्हणजे सिम्प्लेक्स. वेगळ्या असतील तर मध्ये रिपीटर आहे असं समजा. खाली कलर कोड, ० ते १५ मधला एक आकडा. शेजारच्या कंपनीचा रिपीटर त्याच फ्रिक्वेन्सीवर असला, तरी कलर कोड वेगळा ठेवला की त्यांचं बोलणं आपल्या सेटमध्ये उघडत नाही.

मग स्लॉट, १ किंवा २. डीएमआरची खरी गंमत इथे आहे, म्हणून थोडं थांबा. १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलवर ॲनालॉगमध्ये एकच संभाषण चालतं. डीएमआर तो वेळ ३० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, म्हणजे स्लॉटमध्ये, कापतं आणि एकाआड एक तुकडा दोन संभाषणांना देतं. तुमचा सेट ६० मिलिसेकंदांचा आवाज दाबून एका तुकड्यात बसवतो, पाठवतो आणि पुढचा तुकडा गप्प राहतो. म्हणून एकाच रिपीटरवर सिक्युरिटी आणि मेंटेनन्स एकमेकांना न अडवता बोलतात. आणि बोलतानाही ट्रान्समीटर निम्माच वेळ चालू असतो, म्हणून बॅटरी जास्त पुरते. कुठला तुकडा कोणाचा हे रिपीटर ठरवतो, त्यामुळे सिम्प्लेक्समध्ये स्लॉटच्या आकड्याला एरवी फारसा अर्थ उरत नाही.

शेवटी टॉकग्रुप. म्हणजे ज्या गटासाठी बोलायचं त्याचा नंबर, आणि तो टीएक्स कॉन्टॅक्ट म्हणून लावलेला असतो. ऐकायचे ग्रुप आरएक्स ग्रुप लिस्टमध्ये वेगळे टाकावे लागतात. बोलायचा ग्रुप लावला म्हणजे तो ऐकूही येईल असं धरून चालू नका. शिवाय प्रत्येक सेटचा स्वतःचा रेडिओ आयडी असतो, त्यामुळे समोरच्याच्या स्क्रीनवर कोण बोलतंय ते दिसतं.

एवढं कळलं की बिघाड ऐकूनच ओळखता येतो. त्यासाठी सेटमध्ये टॉक परमिट टोन चालू ठेवा. पीटीटी, म्हणजे बोलायचं बटण, दाबल्यावर सेट आधी रिपीटरला जागं करतो आणि उत्तर आलं की टोन वाजतो. नकाराचा टोन आला तर रिपीटरपर्यंत पोचलाच नाहीत: रेंज, फ्रिक्वेन्सी किंवा कलर कोड बघा. परमिट टोन येतोय पण कोणी ऐकत नाही, तर स्लॉट आणि टॉकग्रुप बघा. ऐकणाऱ्या सेटचा दिवा लागतो पण आवाज येत नाही, तर सिग्नल पोचलाय. आरएक्स ग्रुप लिस्ट उघडा. सेट उघडून सोल्डरिंग गन हातात घ्यायच्या आधी हे करा.

वापरणाऱ्यांनाही दोन गोष्टी तुम्हीच शिकवायच्या आहेत. टोन झाल्यावर बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आणि प्रेस शॉपमध्ये ओरडायचं नाही. डीएमआरमधला व्होकोडर, म्हणजे आवाज दाबून डिजिटल करणारा भाग, माणसाच्या आवाजासाठी बनवलाय. मशीनचा खडखडाट आणि किंचाळणं एकत्र गेलं की पलीकडे घोगरं, तुटक काहीतरी निघतं. माइक तोंडापासून चार बोटं लांब आणि नेहमीचा आवाज, एवढं पुरतं. रेंजच्या टोकाला ॲनालॉग खरखरत का होईना ऐकू यायचं. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ राहतं आणि मग एकदम तुटतं. साइटची चाचणी घेताना "छान येतंय" वर समाधान मानू नका, आणखी पुढे चालत जा.

परवान्याचं विसरू नका. असे सेट वापरायला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो आणि फ्रिक्वेन्सीही तिथूनच ठरून येते. मनाने कुठलीही फ्रिक्वेन्सी टाकून देऊ नका, गिऱ्हाईक कितीही मागे लागलं तरी. हातानं शिकायची खरी हौस असेल तर हौशी रेडिओची परीक्षा द्या. त्यातल्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स (टिंब-रेषांची संकेतभाषा) लागत नाही, व्हीयू३ ने सुरू होणारं स्वतःचं कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं ओळखनाव, मिळतं आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर रीतसर प्रयोग करता येतात. तिथे एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणं गुप्त करणं, चालत नाही, हे लक्षात असू द्या.

आणि कुठल्याही सेटला केबल लावली की आधी रीड करा. आलेला कोडप्लग, म्हणजे सेटमधल्या सगळ्या सेटिंगची फाइल, गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख टाकून सेव्ह करा, त्याची प्रत काढा, बदल त्या प्रतीत करा. राइटचं बटण त्यानंतर.