गॅस्केट कापायची घरगुती हत्यारं: या चुका टाळा

गॅस्केट म्हणजे सांध्यातून तेल-पाणी गळू नये म्हणून दोन भागांच्या मधे बसवायचा पातळ थर, आणि पंच म्हणजे त्यात भोकं पाडायची धारदार तोंडाची पोकळ नळी. मागच्या आठवड्यात शेजारच्या शेडमधला पोरगा असे तीन पंच घेऊन आला. "काका, जरा धार लावून द्या ना. भोकांच्या कडा सगळ्या फाटतायत." पंच त्याने स्वतः लेथवर काढलेले, आणि चांगले काढलेले. नखावर टेकवून पाहिलं तर धार लगेच रुतली. मग त्याच्याकडे जाऊन तो कशावर ठोकतो ते बघितलं. खाली प्लायचा तुकडा, त्यावर जुन्या भोकांचे खड्डेच खड्डे, आणि नवा ठोका नेमका एका खड्ड्याच्या काठावर. अर्धी धार लाकडावर, अर्धी हवेत. हवेतल्या बाजूला गॅस्केटचा पेपर कापला जात नाही, तो आत दबतो आणि फाटतो.

म्हणून पहिली चूक हीच: खाली काय आहे ते न बघता पंच घासत बसणं. दर वेळी घासलं की पंच आखूड होतो, तोंड रुंदावतं आणि माप जातं.

खाली लाकूड हवं, पण आडवी फळी नको. फळीत रेषे झोपलेले असतात, ठोका बसला की ते चिरडतात आणि खड्डा कायमचा राहतो. रेषे उभे राहतील असा ठोकळा घ्या, म्हणजे खोडाची आडवी चकती. खाटकाकडे चिंचेचा ओंडका असतो तो असाच. धार रेष्यांच्या मधे शिरते आणि बाहेर आली की रेषे पुन्हा जवळ येतात. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा कुठल्याही वखारीत असा तुकडा मागून बघा. नाहीतर स्वयंपाकघरातला जाड पांढरा प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड चालतो, फक्त नवीन आणा, घरातला उचललात तर त्याचे परिणाम तुमचे तुम्ही निस्तरा. ठोकळा कशाचाही असो, जमिनीवर किंवा टेबलाच्या पायाच्या बरोबर वर ठेवा. टेबलाच्या मधोमध ठेवलात तर अर्धा ठोका टेबलच खातं. आणि दर दोन-तीन भोकांनंतर ठोकळा सरकवा.

आता पंच. सगळ्यात जास्त फसतात ते धातूच्या निवडीत. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) बारचा पंच कितीही लाल करून पाण्यात बुडवा, तो कडक होणार नाही, त्यात तेवढा कार्बनच नसतो. कॉर्क आणि मऊ रबराची दहा-वीस भोकं तो काढेल. त्याच कामाला धार लावलेला जीआय पाइपचा तुकडाही चालतो, त्यासाठी लेथ अडवायची गरज नाही. जाड ऑइल पेपर किंवा कडक जॉइंटिंग शीट असेल तर सिल्व्हर स्टीलचा बार आणा. त्यात साधारण १ टक्का कार्बन असतो आणि तो पाण्यात कडक होतो.

पाणी देताना, म्हणजे लाल तापवून पाण्यात बुडवून कडक करताना, दोन गोष्टी चुकतात. एक, धार पूर्ण काढून मग तापवणं. पातळ कड आधी तापते, जळते आणि पाण्यात गेली की तडकते. कडेला अर्धा मिलिमीटर जाडी ठेवा, पाणी दिल्यावर तेलाच्या दगडावर धार पुरी करा. ज्योत मागच्या जाड भागावर धरा, रंग पुढे सरकू द्या. चेरीसारखा लाल रंग आणि चुंबक चिकटायचं थांबलं, म्हणजे वेळ आली. हे साधारण ७७० अंशांच्या आसपास होतं. उन्हात रंग ओळखता येत नाही, शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात करा.

दुसरी गोष्ट फारसं कोणी सांगत नाही. पंच पोकळ असतो. तोंड खाली करून सरळ पाण्यात बुडवला की आत वाफ कोंडते, पाणी वर चढत नाही आणि आतली बाजू मऊ राहते. बाहेरची बाजू कडक झाल्याने तिथे कानस घसरते, म्हणून आपण खूश. पंधरा भोकांत धार आत वळते. बाजूला खिडकी पाडलेली असेल तर वाफ तिथून निघून जाते. ती खिडकी नाहीतरी कापलेल्या टिकल्या बाहेर काढायला लागतेच, मग ती पाणी द्यायच्या आधीच पाडा.

यानंतर टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला पुन्हा थोडं तापवणं, टाळू नका. पाणी दिलेला पंच काचेसारखा ठिसूळ असतो. एमरी पेपर मारून चकचकीत करा आणि वाळलेल्या गवतासारखा पिवळा रंग येईपर्यंत हळूहळू तापवा, सुमारे २३० अंश. घरच्या ओटीजी ओव्हनमध्येही हे होतं. निळा रंग आला तर पुढे गेलात, धार टिकणार नाही, पुन्हा पहिल्यापासून. ठोकायचं डोकं मात्र कधीही कडक करू नका. हातोडी कडक, डोकंही कडक, तर कपरी उडते आणि ती डोळ्यातच जाते. गॉगल घाला.

टिकली आत अडकत असेल तर आतलं भोक तपासा. पहिले तीन-चार मिलिमीटर सरळ, त्यापुढे अर्ध्या मिलिमीटरने मोठं हवं. उतार उलटा असला तर टिकल्या एकमेकींवर दाबल्या जाऊन पंच फुटूही शकतो.

मोठ्या गोलांसाठी जुन्या बेअरिंगची बाहेरची रिंग घासून कटर करता येतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी अशा रिंगा सापडतात. रिंग आधीच कडक असते, फक्त ग्राइंडरवर जाळू नका: दोन सेकंद घासा, पाण्यात बुडवा. कड निळी पडली की ती मऊ झाली. आणि तिच्यावर थेट हातोडी नाही. वर जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ठेवून प्रेसखाली किंवा मोठ्या व्हाइसमध्ये दाबा.

पट्टी, मधली पिन आणि पातं असा सर्कल कटर बरेच जण करतात. पात्यासाठी हॅकसॉचं बायमेटल ब्लेड मागच्या बाजूने घासू नका, त्यात दातांची कडच काय ती कडक असते, पाठ लवचिक ठेवलेली असते. मशीन हॅकसॉचं अखंड हाय स्पीड स्टीलचं तुटकं ब्लेड मिळालं तर उत्तम. एका फेरीत कापायचा हट्ट नको, हलक्या हाताने चार फेऱ्या मारा. क्रम असा: आधी बोल्टची भोकं, मग बाहेरचा गोल, शेवटी आतला. आतला आधी कापलात तर पिन रुतलेली मधली चकतीच सुटते, मग बाहेरचा गोल कशावर फिरवणार?

भोकाचं माप बोल्टएवढं ठेवणं हीही नेहमीची चूक. एम ६ ला साडेसहा ते सात, एम ८ ला नऊ ठेवा. घट्ट भोकात गॅस्केट बोल्टभोवती गोळा होतं आणि तिथे सुरकुती पडते.

कास्टिंगवरच, म्हणजे मशीनच्या ओतीव भागावरच, पेपर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने कडेने ठोकत कापायची पद्धत जुनी आहे. बिडाच्या कव्हरवर ती चालते. इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँककेसवर करू नका. कड दबते, गॅस्केट नवं असूनही तेल गळतं, शिवाय कपचे आत पडतात ते वेगळंच. कडांना ग्रीस लावून पेपरवर छाप घ्या आणि ठोकळ्यावर कापा. कव्हर स्कॅन करून प्रिंट काढत असाल तर शंभर मिलिमीटरची रेघही छापा आणि पट्टीने मोजा, प्रिंटर गुपचूप लहान करतो.

जुनी राखाडी शीट किंवा जुनं गॅस्केट अ‍ॅस्बेस्टॉसचं असू शकतं. ते कोरडं खरवडू नका, ग्राइंडर लावू नका, हवेने फुंकू नका. त्याची धूळ फुफ्फुसात कायमची बसते. ओलं करून काढा.

त्या पोराला नवा ठोकळा दिला आणि त्याची भोकं स्वच्छ यायला लागली. चार दिवसांनी पुन्हा दारात. "काका, आता भोकं बोल्टला जुळत नाहीत, पंचच वाकडा आहे बहुतेक." मे महिना, पत्र्याची शेड, आणि त्याने महिनाभर आधी कापून खिळ्याला टांगलेलं ऑइल पेपरचं गॅस्केट. वाळून आखडलेलं. बादलीतल्या पाण्यात पाच मिनिटं भिजवलं, फडक्याने टिपलं, कव्हरवर ठेवलं. सगळी भोकं जागेवर आली. कापलेली गॅस्केटं त्याने आता प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवली आहेत.