विशारदचं शास्त्र: घोकू नका, मोजा

शास्त्रीय संगीताच्या विशारद परीक्षेला, अन् तिच्यातल्या शास्त्राच्या लेखी पेपराला, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात बसणार असाल तर आधी घरचा हिशोब करा. आमच्या दर्यापूरकडे तेव्हा कापूस वेचणी असते. रियाज रात्रीही जमतो, पण दिवसभर वेचून आल्यावर लेखी सुधरत नाही. पोळ्यापर्यंत अर्धं शास्त्र उरकलेलं बरं.

जुने ग्रंथकार श्रीनिवास पंडित यांची वीणेवरची स्वरस्थापना, म्हणजे तारेवर कोणता स्वर कुठं येतो ते, मी तीन महिने घोकली अन् पेपरात रे-गची अदलाबदल करून आलो. मग सुताराकडून चार फुटी पट्टी आणली, एकमेकींपासून 36 इंचांवर दोन घोड्या (तार उचलून धरणाऱ्या पट्ट्या) बसवल्या, सतारीची तार ताणली. आता माझ्याकडची पोट्टी यावरच शिकतात. तारेखाली पेन्सिल सरकवायची, फक्त टेकेल एवढीच. तार जास्त ताणली की स्वर चढतो. पूर्ण 36 इंच वाजली तर षड्ज (सा), निम्मी म्हणजे 18 वाजली तर तार षड्ज, म्हणजे वरचा सा. पुढचे आकडेही वाजणाऱ्या लांबीचेच. दोघांच्या मधोमध 27 वर मध्यम (म). 24 वर पंचम (प). षड्ज-पंचमातल्या 12 इंचांचे तीन भाग करा, षड्जाकडून पहिला भाग संपतो तिथे 32 वर रिषभ (रे). त्याच 12 इंचांच्या मधोमध 30 वर गांधार (ग). तो छेडा. निघाला ना आपला कोमल ग? श्रीनिवासाचा शुद्ध गांधार तोच. एकदा कानानं ऐकलं की पेपरात चुकत नाही. आंदोलनसंख्याही (तार सेकंदाला किती वेळा कंप पावते ती) इथूनच निघते: षड्ज 240 धरला तर 240 गुणिले 36 भागिले 32, रिषभ 270.

स्वरलिपीत, म्हणजे स्वर लिहून काढण्यात, पोरं टिंबावर फसतात. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, पलुस्करांच्या पद्धतीत तेच टिंब मंद्राचं (खालच्या सप्तकाचं). दोन्हींसाठी वेगळ्या वह्या ठेवा, एकाच दिवशी दोन्ही लिहू नका.

आडलयीला (दीडपट लयीला) गणित लागतं, तेही बोटांवरचं. तीनतालाच्या 16 मात्रा, प्रत्येकीचे तीन तुकडे, झाले 48. आडीत एका बोलाला (धा, धिं अशा अक्षराला) दोन तुकडे, म्हणजे 32 लागले. उरले 16, म्हणजे पाच मात्रा अन् एक तुकडा. म्हणून सहाव्या मात्रेत ‘ऽ धा ऽ’, सातवीत ‘धिं ऽ धिं’, पुढं तसंच समेपर्यंत, म्हणजे पुन्हा पहिली मात्रा येईपर्यंत. टाळी देत म्हणा, मगच लिहा.

दहा थाट (रागांचे मूळ स्वरसंच) नि ग्रंथांची नावं शेवटच्या आठवड्यात होतात. पेपराला जाताना फुटपट्टी घ्या. तारेची आकृती हातानं काढली तर 30 अन् 32 एकमेकांवर चढतात.