भोवत्या मोजताना आकडा चुकतो? खिशात चिंचोके ठेवा

भोवत्या म्हणजे हॅरियर, हिवाळ्यात आपल्याकडे येणारे शिकारी पक्षी. मार्च-एप्रिलमध्ये ते उत्तरेकडे परतायला लागतात. त्याआधी सोलापूरच्या माळावर संध्याकाळी ते रातथाऱ्याला (रात्रीच्या मुक्कामाला) गवतात उतरतात, तेव्हा मोजणी करायची. अडचण एकच: उतरलेला पक्षी पुन्हा उठतो, घिरटी घालून परत बसतो आणि आपण त्याला दोनदा मोजतो. वहीत लिहायला मान खाली घातली की तेवढ्यात दोन निसटतात.

१. डाव्या खिशात मोजून पन्नास चिंचोके घ्या. (ज्वारीचे दाणे घेऊन पाहिले, घामेजल्या बोटांना चिकटतात.)
२. सूर्यास्ताच्या तासभर आधी, सूर्य पाठीशी येईल असं बसा.
३. पक्षी गवतात उतरला की एक चिंचोका उजव्या खिशात. उठला की एक परत डाव्यात. नजर आभाळातच.
४. अंधार पडल्यावर उजवा खिसा मोजा. डाव्यातले मिळवून पन्नास भरतात का, तेही पाहा; एखादा गवतात पडलेला असतो.

दोघं असाल तर दोघांनी वेगवेगळे खिसे चालवावेत, मधे आकडे बोलू नयेत. जात ओळखायच्या फंदात मोजणी सोडू नका. माँटेग्यू आणि पांढुरक्या भोवत्याचे नर ओळखता येतात, पण माद्या आणि पिल्लं संधिप्रकाशात भल्याभल्यांना चकवतात. तिथे नुसतं ‘भोवत्या’ लिहा.

रातथाऱ्यापासून निदान दोनशे मीटर लांब राहा आणि परतताना विजेरीचा झोत गवतावर टाकू नका. जमिनीवर झोपणारे पक्षी आहेत, एकदा उठले की अंधारात भरकटतात. सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्यात जायचं तर वनविभागाची परवानगी आधी काढा.