नेक्टरिनचं नवं वाण काढताय? या चुका टाळा

'नेक्टरिन म्हणजे पीच आणि प्लमचा संकर' हे वाक्य मला दर उन्हाळ्यात ऐकावं लागतं. तसं नाही. नेक्टरिन हे पीचच आहे, फक्त त्याच्या सालीवर लव नाही. लव आणणारं जनुक प्रभावी आणि लव नसण्याचं अप्रभावी. आई आणि बाप दोघांकडून 'लव नाही' हेच आलं, तरच फळ गुळगुळीत होतं. हे नीट कळलं नाही तर काय होतं, ते मी चार वर्षं घालवून शिकलो.

कॅलिफोर्नियात रीडलीजवळ माझी लहानशी बाग आहे. फेब्रुवारीअखेर फुलं आली की आपली काही मराठी मंडळी हौसेने येतात, परागण शिकून जातात, आणि त्याच त्या चुका करतात. त्यातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे कळीला उशिरा हात लावणं.

नेक्टरिनचं फूल स्वतःच्याच परागाने फळ धरतं. पाकळ्या उमलायला लागल्या की आत परागकोष फुटू लागतात, आणि काही वेळा तर त्याआधीच. त्यामुळे कळी फुग्यासारखी टपोरी झालेली, पण अजून मिटलेली असतानाच पुंकेसर काढायचे. ते फुलाच्या पेल्याच्या कडेला चिकटलेले असतात. नखाने पेला गोल कापला की पाकळ्या, निदलं, पुंकेसर एकदम निघून येतात आणि मधे एकटा स्त्रीकेसर उरतो. खालच्या बीजांडकोषाला नख लागलं तर फळ गळतं.

2014 साली मी पिवळ्या गराचं नेक्टरिन आई म्हणून घेतलं आणि पांढऱ्या गराचं लवदार पीच बाप. पांढऱ्या गराचं घट्ट नेक्टरिन मला हवं होतं. त्या आठवड्यात कामाचा रगाडा होता, म्हणून अर्धवट उमललेल्या कळ्याही घेतल्या. 'थोड्याच तर उमलल्यात' असं मनाशी म्हटल्याचं अजून आठवतं. बिया रुजवल्या, रोपं लावली आणि 2017 च्या उन्हाळ्यात 31 झाडांना फळ आलं. त्यातल्या 20 झाडांची फळं गुळगुळीत होती! मी आनंदाने टोपल्या भरभरून शेजाऱ्यांना वाटल्या. लवदार निघालेली 11 झाडं मला बिनकामाची वाटली आणि ती कापण्यासाठी मी करवत बाहेर काढली.

त्या संध्याकाळी सहज एकेक फळ कापून ओळीने मांडलं. गुळगुळीत 20 पैकी प्रत्येकाचा गर पिवळा, अगदी आईसारखा. लवदार 11 मात्र आतून पांढरी. पांढरा गर पिवळ्यावर प्रभावी असतो, म्हणजे बापाचा अंश फक्त त्या अकरांत होता. ज्यांचं मी कौतुक करत होतो, ती सगळी आईच्याच परागाची लेकरं होती. बाप शुद्ध लवदार असेल, म्हणजे त्याची दोन्ही जनुकं लवेची असतील, तर पहिल्या पिढीत गुळगुळीत फळ येऊच शकत नाही. आलं, तर आपलं काम चुकलं.

म्हणून पहिल्या पिढीची लवदार झाडं कृपा करून कापू नका. त्यांच्याच बिया पुन्हा लावा. दुसऱ्या पिढीत चारात एक गुळगुळीत, आणि गुळगुळीत व पांढरा गर दोन्ही हवं असेल तर सोळात तीन, असा हिशोब बसतो. माझं आजचं आवडतं झाड त्या अकरांपैकी एकाच्या बीचं आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक आईवर एक साक्षीदार फांदी ठेवतो. तिच्यावरच्या कळ्यांचे पुंकेसर काढायचे, पण पराग लावायचा नाही. त्या फांदीवर फळ धरलं तर त्या दिवसाचं सगळं काम बाद. इथे दयामाया दाखवायची नाही. उमलू लागलेली कळी दिसली की खुडून टाकतो, मग दिवसभरात चाळीसच कळ्या झाल्या तरी चालेल.

लवकर पिकणारं झाड आई म्हणून घेऊ नका. फळ पिकतं तेव्हा आतला गर्भ पुरता भरलेला नसतो आणि बी रुजत नाही. प्रयोगशाळेत तो गर्भ वाढवता येतो, घरी नाही. लवकर येणाऱ्याचा पराग घ्या आणि उशिराच्या झाडावर लावा.

पुढची चूक बियांच्या घाईची. नेक्टरिनच्या बीला रुजण्याआधी ओलसर थंडी लागते: सुमारे 4 अंश सेल्सिअसला दहा-बारा आठवडे. मी कवच शिकंज्यात हळू दाबून फोडतो आणि आतली बी ओल्या परलाइटमध्ये (रोपांसाठीच्या हलक्या पांढऱ्या खड्यांत) घालून फ्रिजमध्ये ठेवतो, फ्रीझरमध्ये नव्हे. तीन आठवड्यांनी 'काहीच होत नाही' म्हणून बी बाहेर काढणारे मला दरवर्षी भेटतात. अशी बी रुजली तरी रोप खुजं राहतं, पानांचा गुच्छ होऊन बसतं, आणि मग दोष वाणाला लागतो. ज्यांना हे दहा आठवडे जड जातात, त्यांनी आंब्याकडे पाहावं. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेला 'रत्ना' 1981 मध्ये आला. आंब्याच्या रोपाला पहिला मोहोर येईपर्यंत किती वर्षं जातात, हे कोकणातल्या कुणालाही विचारा. नेक्टरिन तिसऱ्या वर्षी फळ दाखवतं. याहून उदार झाड कुठे मिळणार?

पेटंट असलेल्या वाणाचे डोळे कलमासाठी परवानगीशिवाय भरू नका. अमेरिकेत 1930 पासून तसा कायदा आहे.

फळाची पारख करतानाही घाई होते. विरळणी न केलेल्या झाडाचं फळ चाखून निकाल देऊ नका. फळं बोराएवढी असतानाच दोन फळांत वीतभर अंतर ठेवून बाकीची काढा. नुसत्या ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या गोडीच्या मापावरही जाऊ नका. 13 ब्रिक्सची दोन फळं, एकात आम्लता भरपूर, दुसऱ्यात अगदी कमी. जिभेला ती दोन वेगळी फळं लागतात. कमी आम्लतेचं फळ कच्चं असतानाही गोड लागतं आणि नवखा माणूस तिथेच भुलतो. मला स्वतःला आंबटपणाशिवाय नेक्टरिनला चव आहे असं वाटत नाही.

लव नसल्यामुळे साल उघडी पडते, त्यावर फुलकिडीचे ओरखडे उठतात, पावसाने ती तडकते आणि तपकिरी कूज हा बुरशीचा रोग शिरतो. म्हणून मी सालीला चवीइतकेच गुण देतो. कॅलिफोर्नियातल्याच ले ग्रँड गावच्या, नवी वाणं काढणाऱ्या फ्रेड अँडरसनने 1942 मध्ये आणलेलं 'ले ग्रँड' नेक्टरिन गाजलं ते मोठ्या, घट्ट फळामुळे. ते लांबच्या बाजारात टिकून पोचायचं.

शेवटची परीक्षा फ्रिजची. डझनभर फळं 5 अंशांवर तीन आठवडे ठेवतो, मग दोन दिवस बाहेर काढून कापतो. पीच आणि नेक्टरिनला हेच तापमान सर्वात वाईट. ज्याचा गर बिघडायचा, तो इथे पिठूळ आणि तपकिरी होतो. मागच्या वर्षी चवीत पहिली आलेली दोन झाडं मी याच परीक्षेनंतर काढून टाकली.